जहांगीरमधले पहिले एकल शिल्पप्रदर्शन: तयारी कुठून धरायची?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या एका शिल्पकाराला मुंबईच्या जहांगीर कलादालनात जानेवारीतला एक आठवडा मिळाला आहे. हाताशी चौदा महिने आहेत. वीस कामे मांडायची आहेत. बहुतेक अजून मातीत किंवा प्लास्टरमध्ये आहेत. काही ब्राँझमध्ये करायची, काही फायबरमध्ये (काचतंतू आणि रेझिन), दोन काळ्या दगडात. क्रम कसा लावायचा आणि नेमके काय बिघडते?

आधी वीस हा आकडा सोडा. चहूबाजूंनी पाहायचे शिल्प मांडताना त्याच्या बैठकीची जागा, अधिक भोवती किमान एक मीटर मोकळी जागा धरावी लागते. म्हणजे एका कामाला पाच ते सहा चौरस मीटर. दालन हजार चौरस फुटांचे असेल तर ते साधारण ९३ चौरस मीटर होते. त्यातून दार, टेबल आणि लोक उभे राहून बोलतात तो कोपरा वजा करा. बारा, फार तर तेरा शिल्पे बसतील. आणखी काही दाखवायचेच असेल तर उठावशिल्पे भिंतीवर घ्या. त्यांना जमीन लागत नाही. मिळालेल्या दालनाचा मोजमापांसह नकाशा आजच मागवून घ्या. खांब, दारे, वीजजोडणी आणि दिव्यांच्या पट्ट्या त्यावर दाखवलेल्या हव्यात. १:२० प्रमाणात तो पुठ्ठ्यावर काढा आणि पेडेस्टलचे, म्हणजे शिल्प ठेवायच्या चौथऱ्यांचे, चौकोन कापून सरकवत बसा. कोणती कामे करायची नाहीत हे तिथेच कळते, आणि ओतकामाचे पैसे देण्याआधी कळते.

जहांगीरमध्ये प्रदर्शने साधारणपणे मंगळवार ते सोमवार चालतात. आधीचा कलाकार सोमवारी संध्याकाळी उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तुमचे दार उघडते. चित्रकाराला एवढा वेळ कसाबसा पुरतो. शिल्पकाराच्या हाती एक रात्र असते आणि त्यातच माल उतरवणे, उचलणे, पेडेस्टल लावणे, दिवे फिरवणे सगळे आले. त्यामुळे ठरवण्यासारखी कोणतीही गोष्ट दालनात जाऊन ठरवायची नाही. कोणते काम कुठे, कोणत्या उंचीवर, कोणत्या बाजूने तोंड करून, हे सगळे कार्यशाळेत नक्की होऊन कागदावर आलेले असले पाहिजे.

आता हवामान. चौदा महिन्यांचे वेळापत्रक तारखांपेक्षा हवामान ठरवते. ब्राँझसाठी आधी मातीच्या कामाची पोकळ मेणाची प्रत काढतात, तिच्या आत गाभा आणि बाहेर साचा भरतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये मेण लोळते: उभ्या हाताची बोटे रात्रीतून खाली येतात, पातळ कडा वाकतात, आणि ते ओतून झाल्यावरच लक्षात येते. पावसाळ्यात प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचा साचा आतून सुकत नाही. असा साचा भट्टीत घाईने तापवला की वाफेने तडकतो. पाणी राहिलेच तर धातू ओतताना तो उसळून बाहेर येतो. हा दर्जाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. म्हणून सगळे ओतकाम डिसेंबर ते मार्चमध्ये बसवा. राहिलेली दोन-तीन कामे एप्रिलमध्ये, मेण सावलीत ठेवून. पावसाळा चेसिंग (ओतलेला धातू घासून-कोरून साफ करणे), वेल्डिंग आणि दगडकामाला द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर पॅटिना (रसायनांनी धातूवर चढवायचा रंग), नोव्हेंबर फोटो, डिसेंबर पेडेस्टल आणि पेट्या. याचा सरळ अर्थ असा की जी कामे जानेवारीअखेर मातीत पूर्ण होणार नाहीत ती या प्रदर्शनात ब्राँझमध्ये येणार नाहीत. ओतारी 'करून देतो' म्हणेल. ओतारी नेहमीच तसे म्हणतात.

ओतकामात काय पाहायचे ते जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मा खर्च आणि निम्मी भांडणे इथेच होतात.

मेणाची जाडी ४ ते ५ मिलिमीटर ठेवा. जाड केल्याने काम मजबूत होते हा गैरसमज आहे. जाड भाग उशिरा थिजतो, शेजारचा पातळ भाग आधी थिजून त्याच्यातला धातू ओढून घेतो, आणि जाड-पातळ जोडावर खड्डे किंवा भेग पडते. नाक, कानाची पाळी, बोटांची मुळे आणि केसांचे पुंजके या ठिकाणी हे हमखास होते. मेण आतून खरवडून तिथली जाडी सारखी करा. आतला गाभा जागेवर राहावा म्हणून दर ८ ते १० सेंटिमीटरवर खिळे हवेत. खिळे कमी पडले तर मेण वितळल्यावर गाभा सरकतो, मग एका बाजूची भिंत १० मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला सरळ भोक. मेण काढायची भट्टी ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन तिथे पुरेशी टिकली पाहिजे. मेणाचा कोळसा आत राहिला की पृष्ठभागावर काळपट, खरबरीत चट्टे येतात. धातू साधारण ११०० ते ११५० अंशांवर ओततात. त्याहून थंड असेल तर दोन प्रवाह भेटतात तिथे सांधा राहतो. फार तापवला तर धातू वायू शोषतो आणि थिजताना पृष्ठभागाखाली टाचणीच्या टोकाएवढी भोके सोडतो. ती भोके चेसिंग करताना उघडी पडतात, तोवर काम चांगले दिसते.

धातू कोणता, ते लेखी घ्या. आपल्याकडे शिल्पाचे ब्राँझ म्हणून बहुधा गनमेटल वापरतात: ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के. ते ठीक आहे. पण स्वस्तात काम घेणारा पितळेची मोड मिसळतो. जस्त वाढले की रंग पिवळा पडतो आणि पॅटिना एकसारखा बसत नाही. दर किलोवर ठरवू नका. किलोवर ठरवले की जाडी वाढवण्यात ओतणाऱ्याचाच फायदा. नगावर ठरवा आणि अंदाजे वजन आधी काढून ठेवा: ५ मिलिमीटर जाडीच्या ब्राँझचा एक चौरस फूट सुमारे ४ किलो भरतो. मस्तकाचा पृष्ठभाग पावणेतीन चौरस फूट असेल तर ११ किलो. तेच मस्तक १८ किलोचे आले तर का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणखी एक अट घाला. साचा फोडून वाळूच्या माऱ्याने साफ केल्यावर, चेसिंगपूर्वी, कच्चे ओतकाम तुम्ही स्वतः पाहणार. नंतर दाखवलेल्या कामात काय भरले आहे ते दिसत नाही. वेल्डिंगची कांडी त्याच धातूची ओतून घ्यायला सांगा. बाजारातली सिलिकॉन ब्राँझची कांडी जोड छान भरते, पण रसायन लावताच तो पट्टा वेगळ्या रंगाने उठतो आणि मग अख्खे काम काळे करण्यावाचून मार्ग राहत नाही. सही आणि आवृत्ती क्रमांक (ठरलेल्या प्रतींपैकी ही कितवी) मेणातच कोरा.

आकुंचन विसरू नका. मेण आणि धातू मिळून काम मूळ मातीपेक्षा साधारण ३ टक्के लहान होते. ६० सेंटिमीटरचे अर्धशिल्प जवळपास २ सेंटिमीटर घटते. एकट्या पुतळ्यात हे कोणाला कळत नाही. पण ब्राँझचा भाग काळ्या दगडाच्या खाचेत बसवायचा असेल तर आधी ब्राँझ येऊ द्या, मग खाच पाडा.

प्रत्येक कामाच्या बैठकीत आतून १० मिलिमीटर जाडीची ब्राँझची पट्टी जोडून तिच्यात एम१० बोल्टचे आटे पाडून घ्या, किमान दोन जागी. पेडेस्टलला पक्के करायला हाच एक खात्रीचा मार्ग आहे. शिवाय तळाशी एक भोक उघडे ठेवा. पोटात राहिलेले गाभ्याचे प्लास्टर ओल धरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी बारीक छिद्रांतून पांढरी-हिरवी भुकटी बाहेर येते. गाभा पूर्ण काढलाच पाहिजे.

पॅटिनासाठी तपकिरी-काळ्याला लिव्हर ऑफ सल्फर, तांबूस-सोनेरीला फेरिक नायट्रेट, हिरव्या-निळ्याला क्युप्रिक नायट्रेट ही नेहमीची रसायने. पातळ द्रावण, अनेक हात, धातू गरम पण पाण्याचे थेंब टणाटण उडतील इतका नाही. शेवटी भरपूर पाण्याने धुवा, वाळवा, कोमट धातूवर मेण लावा. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत मेणाचा थर हाच बचाव आहे. पॅटिना प्रदर्शनाच्या निदान एक महिना आधी पुरा करा, म्हणजे काही उमटायचे असेल तर ते तुमच्या घरी उमटेल. मेण लावल्यावर काम सुती हातमोज्यांनीच धरा. घामाचे ठसे काही दिवसांनी वर येतात आणि पुसून जात नाहीत.

फायबरबद्दल थोडक्यात. पॉलिएस्टर रेझिनला कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आधी मिसळून घ्या, हार्डनर (घट्ट करणारे द्रव्य) शेवटी, १ ते २ टक्के. उन्हाळ्यात १ टक्का पुरतो. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. जेलकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा रेझिनचा थर, अर्धा मिलिमीटर, तो बोटाला चिकटेनासा झाल्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर. दमट दिवसांत रेझिन चिकट राहते, म्हणून हेही पावसाआधी उरका. ताज्या फायबरचा वास बंद वातानुकूलित दालनात लोकांना दोन मिनिटे उभे राहू देत नाही. साच्यातून काढल्यावर चार-सहा आठवडे उघड्यावर ठेवा. आणि लेबलवर 'फायबरग्लास' असेच लिहा. फायबरवर ब्राँझ पावडरचा हात देऊन 'ब्राँझ' लिहिणारे आहेत, पण शिल्प विकत घेणारा माणूस बोटाने ठोकून पाहतो, आणि एका कामावरचा संशय बाकीच्या अकरांवर पसरतो. फायबरला कमी लेखण्याचेही कारण नाही. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकरांनी साध्या सिमेंटमध्ये काय केले आहे ते अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरी जाऊन पाहा. त्या घराच्या अंगणात माणसाच्या उंचीला, मोकळ्या उजेडात शिल्पे कशी उभी केली आहेत, तेही नीट बघा. मांडणीचे शिक्षण तिथे फुकट मिळते.

काळ्या दगडाचे वजन माणसे नेहमी कमी धरतात. ४० बाय ४० बाय ६० सेंटिमीटरचा ठोकळा साधारण २७० किलो भरतो. घडवून निम्मा उरला तरी १३० किलोच्या वर. असे काम मीटरभर उंचीच्या पोकळ पेडेस्टलवर ठेवायचे नसते. त्याला बुटकी, आतून लोखंडी चौकटीची बैठक द्या. खाली १८ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा टाका, म्हणजे फरशीवर भार पसरेल. बाहेर आलेल्या भागाला धरून उचलू देऊ नका, रुंद पट्टे तळाखालून घाला.

आता पेडेस्टल. एकल प्रदर्शनातला सगळ्यात दुर्लक्षित खर्च हा, आणि अपघात इथेच होतात. जहांगीरला तिकीट नाही. काळा घोडा परिसरातून चालणारा कोणीही आत येतो, शाळेची सहल येते, कडेवर मूल घेतलेले आईबाप येतात. ही या जागेची खरी ताकद आहे, १९५२ पासून लोकांना तिथे शिरायची सवय आहे. पण त्याचाच अर्थ असा की शिल्पाला धक्का लागणार, हे धरूनच चालायचे.

हिशोब करून पाहा. ४० सेंटिमीटर चौरस, मीटरभर उंच, १८ मिलिमीटर प्लायचे पेडेस्टल सुमारे २५ किलोचे असते. त्यावर ३० किलोचे ब्राँझ. जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण खांद्याच्या खाली, कोणी आडवा जोर दिला तर जेमतेम ९ किलोच्या धक्क्याला सगळे कलंडायला लागते. टेकून उभा राहिलेला मुलगा एवढा जोर सहज देतो. आत तळाला ४० किलो वाळूच्या पिशव्या ठेवल्या की तोच आकडा १६ किलोच्या जवळ जातो. तळ ५० सेंटिमीटरचा केला आणि वाळूही ठेवली तर २० किलोच्या आसपास. म्हणून वाळू ऐच्छिक नाही, आणि शिल्प पेडेस्टलला बोल्टने बांधलेले नसेल तर वरचा हिशोब निरर्थक आहे, कारण मग पेडेस्टल उभे राहते आणि शिल्प घसरते. वाळू मुंबईत भरा, कोल्हापूरहून वाहू नका. त्यासाठी पेडेस्टलची मागची बाजू स्क्रूने उघडणारी करून घ्या.

उंची प्रत्येक कामाची वेगळी. पाहणाऱ्याची नजर साधारण १५० सेंटिमीटरवर असते. अर्धशिल्पाचे डोळे तिथे किंवा किंचित वर आले पाहिजेत. ६० सेंटिमीटरच्या अर्धशिल्पाला १०० ते १०५ सेंटिमीटरचे पेडेस्टल बसते. वीतभर उंचीच्या कामाला १२०. सगळी पेडेस्टले एकाच उंचीची करून घेणे स्वस्त पडते आणि दालन फर्निचरच्या दुकानासारखे दिसते. रंग शुभ्र पांढरा नको: गडद पॅटिनाच्या खाली तो डोळ्यात चमकतो आणि शिल्प नुसती काळी आकृती होऊन बसते. फिकट राखाडी घ्या. रंग किमान दोन आठवडे वाळलेला हवा, नाहीतर शिल्पाचा तळ चिकटतो. मध्ये फेल्टचा तुकडा ठेवा; रबर फिकट रंगावर डाग सोडते. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) गुळगुळीत दिसते, पण दमट हवेत कडा फुगतात आणि दुसऱ्यांदा स्क्रू धरत नाही. परत वापरायचे असेल तर प्लायच.

दिव्यांसाठी सोमवारच्या रात्रीतले निदान दोन तास राखून ठेवा. डोक्यावरून सरळ पडणारा प्रकाश चेहऱ्याची कवटी करतो, डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात. मुख्य दिवा उभ्या रेषेपासून ३० ते ४५ अंश कलता, एका बाजूने. समोरच्या बाजूने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मंद. काळ्या पॅटिनाला आणि काळ्या दगडाला तिरका, घासून जाणारा प्रकाश लागतो, नाहीतर छिन्नीचे काम दिसतच नाही. सगळे दिवे एकाच रंगाचे ठेवा. तपकिरी ब्राँझला ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर, प्रकाश शोभतो. ब्राँझला प्रकाशाने इजा होत नाही, त्यामुळे तीव्रतेची भीती नको. दालनातले दिवे पुरेसे आणि हलवता येण्याजोगे आहेत का, आणि स्वतःचे आणू देतात का, हे नियमपत्रात आधीच पाहा. भिंतीवर पडणारी सावलीही रचनेचा भाग आहे. भिंतीकडे पाठ करून ठेवलेले शिल्प ६० ते ९० सेंटिमीटर पुढे घेतले की ती मऊ होते.

पॅकिंगला १२ मिलिमीटर प्लायच्या पेट्या, आत दोन इंची पट्ट्या, फोमचे ठोकळे. मेण लावलेल्या ब्राँझला बबल रॅप थेट लावू नका, गरम ट्रकमध्ये बुडबुड्यांची नक्षी मेणावर उमटते. आधी धुतलेले मांजरपाट, मग फोम. पेटीवर वजन, वरची बाजू, उचलायची जागा आणि दालनाच्या नकाशातला क्रमांक लिहा. पेट्या उलट्या क्रमाने भरा: दालनात सगळ्यात आत जायचे काम ट्रकमध्ये दाराशी. दक्षिण मुंबईत मोठ्या मालवाहू गाड्यांना दिवसा वेळेची बंधने असतात. गाडी सोमवारी दुपारी शहराबाहेर थांबवून परवानगीच्या वेळेत आत आणायची की छोट्या टेम्पोंमध्ये माल बदलायचा, हे वाहतूकदाराशी महिनाभर आधी बोला. मदतीला चार जण हवेतच आणि त्यांतले दोन तरी ही शिल्पे आधी उचललेले असावेत. विमा कार्यशाळेतून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा घ्या. नुसता प्रवासाचा घेतला तर दालनातल्या धक्क्याचे पैसे मिळत नाहीत.

कागदपत्रांचे म्हणाल तर माल विक्रीसाठी निघत नाही, प्रदर्शनासाठी निघतो. म्हणून बिल नव्हे, डिलिव्हरी चलन करा. त्यात प्रत्येक कामाचे नाव, माप, साहित्य, किंमत द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागते. कलाकाराने दालनात पसंतीसाठी पाठवलेले काम विक्री होईपर्यंत करपात्र पुरवठा धरायचे नाही, असे जीएसटीच्या डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत असाल तर ते आपल्या सीएसमोर ठेवा.

आवृत्ती किती, हे पहिली प्रत विकण्याआधी जाहीर करा आणि नंतर बदलू नका. फ्रान्समध्ये १२ प्रतींपर्यंतच मूळ ब्राँझ मानतात, त्यांतल्या ८ क्रमांकित आणि ४ कलाकाराच्या. आपल्याकडे बाजाराने तसे एक बंधन घातलेले नाही, पण पहिल्या प्रदर्शनात ५ ते ८ पुष्कळ झाल्या. प्रमाणपत्रावर नाव, साहित्य, उंची-रुंदी-खोली, वजन, वर्ष, प्रत क्रमांक आणि तुमची सही. शिल्प विकले तरी त्याचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, हे पावतीवर छापा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५३ए कलम दहा हजारांवरच्या पुनर्विक्रीत कलाकाराला जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाटा देते. तो प्रत्यक्षात मागायचा तर काम आता कोणाकडे आहे ते ठाऊक हवे, म्हणून खरेदीदारांची वही नीट ठेवा. किंमत दालनात एक आणि घरी येऊन मागणाऱ्याला दुसरी, असे करू नका. पुढे एखाद्या खाजगी गॅलरीशी बोलणे झाले तर ती विक्रीच्या एक तृतीयांश ते निम्मा वाटा मागते. आजच्या किमतीत ती जागा नसेल तर उद्या एकदम भाव वाढवावा लागेल आणि जुना ग्राहक दुखावेल.

विकलेल्या कामावर लाल टिकली लावण्याआधी निम्मी रक्कम घ्या, आणि काम सोमवारी संध्याकाळपर्यंत जागेवरून हलवू नका. रिकाम्या पेट्या आठवडाभर कुठे ठेवायच्या याची सोय आधीच करा, दालन त्या ठेवून घेईल असे धरू नका. त्या वेळेवर आल्या नाहीत की उतरवताना शिल्पे गोणपाटात गुंडाळून टेम्पोत टाकली जातात, आणि येताना न लागलेले ओरखडे जाताना लागतात. उतरवताना प्रत्येक कामाचा येतानाच्या फोटोशी ताळा घालून मगच पेटी बंद करा, कारण विम्याचा दावा त्या फोटोंवरच उभा राहतो.